मधल्या अंतराचा चष्मा

माझे डोळे गेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. ज्यांचे डोळे दुखतायत तेच बहुतेक हे वाचायला बसतील, आणि त्यांना शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसवणं मला बरं वाटत नाही. मी तशी बरेच महिने बसले होते. ते दिवस कसे असतात ते मला ठाऊक आहे.

मी टायपिस्ट होते. आता लोक संगणकासमोर बसतात आणि त्यांच्या तक्रारी ऐकल्या की मला त्या माझ्याच वाटतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होणं, कपाळाभोवती फडकं आवळल्यासारखं वाटणं, कामावरून सुटताना रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या माणसाचा चेहरा पुसट दिसणं. यंत्रं बदलली, पण डोळे देवाने दिले तेच आहेत.

दुष्काळाचं टायपिंग

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. नगरमधल्या एका सरकारी कचेरीत मराठी टायपिंगला होते. आमचं बिऱ्हाड सावेडीला, दोन खोल्यांचं. सावेडी तेव्हा गावाबाहेर वाटायची, घरं विरळ आणि मध्ये मोकळी रानं. आमचे हे एस.टी.त कंडक्टर, म्हणजे एक दिवस घरी तर एक दिवस मुक्कामी. मुलगी सुलभा आठवीत.

त्या वर्षी कचेरीत कागदांचा पूर आला. पाण्याचे टँकर कुठे जायचे, रस्त्याची खडी कुठे फोडायची, जनावरांच्या छावण्या कुठे, याची परिपत्रकं रोज निघत आणि प्रत्येकाच्या शेकडो प्रती लागत. त्यासाठी स्टेन्सिल कापावं लागे. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: यंत्राची शाईची फीत बाजूला करायची आणि मेण लावलेल्या पातळ कागदावर नुसतेच अक्षरांचे खिळे मारायचे. अक्षर काळं उमटत नाही, मेणावर फिकट ओरखडा तेवढा दिसतो. वेलांटी पहिली पडली की दुसरी, हे बघायला मान पुढे काढून डोळे ताणावे लागत. मूळ मसुदा डावीकडे लाकडी घोडीवर उभा. नजर तिकडे, मग इकडे, परत तिकडे. असा सगळा दिवस.

आधी नुसती डोळ्यांची आग व्हायची. मग दुपारनंतर डोकं दुखायला लागलं. मग ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. आणि एक दिवस संध्याकाळी घरी परतताना दुकानातल्या दिव्याभोवती मला धुरकट कडं दिसलं. मी तिथेच थांबले आणि डोळे चोळले. कडं होतंच.

माझे वडील, आमचे आबा, काचबिंदूने आंधळे झाले होते. त्यामुळे दुसऱ्या कुणाला जे नुसतं थकल्यासारखं वाटलं असतं, त्यात मला सगळं पुढचं दिसलं.

चाळिशी

मी घरात कुणाला बोलले नाही. चिडचिड मात्र सगळ्यांवर निघायची. सुलभाने मोठ्याने वाचलं तरी मी ओरडायचे, आणि मग तिचा पडलेला चेहरा बघून मलाच रडू यायचं. पोरीने न सांगता संध्याकाळचा स्वयंपाक हातात घेतला. तांदूळ मी निवडले तर खडे राहतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. ती मला तसं म्हणाली मात्र नाही कधी.

एकदा यांनी जेवताना खडा चावला आणि ताट पुढे सरकवलं. "तुझं लक्ष कुठं असतं हल्ली?"

"डोकं दुखतं माझं."

"मग सोड ती नोकरी. मी काय उपाशी ठेवतोय का तुम्हाला?"

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं, काळजीनेच म्हटलं होतं. पण मला ते लागलं. माझ्या माहेरी, कोल्हारच्या घरात, शाळा पूर्ण केलेली मी पहिली मुलगी, आणि यंत्रावर माझी बोटं चालायला लागली की कचेरीतली माणसं मान वळवून बघायची. ते काम माझं होतं. मी ताट उचललं.

पुढच्या सुट्टीला तेच मला कापड बाजारात चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. "चाळिशी लागली असेल, दुसरं काय!" दुकानदाराने वाचायची पाटी हातात दिली आणि चार भिंगं बदलून बघितली. एका भिंगातून बारीक अक्षर ठळक दिसलं, मी हो म्हटलं, आणि काळ्या जाड फ्रेमचा चष्मा घेऊन आलो. घरी पेपर हातात धरला तर अक्षरं कशी मोत्यासारखी! मला हायसं वाटलं. वाटलं, उगाच घाबरले.

सोमवारी तो चष्मा लावून यंत्रापुढे बसले आणि सगळं अधिकच बिघडलं. मसुदा हातभर लांब उभा होता आणि चष्म्यातून तो धुक्यात गेल्यासारखा दिसत होता. स्पष्ट दिसावं म्हणून मी बगळ्यासारखी मान लांबवायची. दुपारपर्यंत मानही धरली. चष्म्यानेही दिसत नाही, म्हणजे आता संपलंच, असं मी मनात ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात टँकरच्या एका परिपत्रकात माझी नजर ओळ चुकली आणि एका गावाचं नाव गळलं. आमचे पाठक भाऊसाहेब, म्हणजे विभागातले ज्येष्ठ कारकून, स्टेन्सिल छापायला जाण्याआधी वाचत. त्यांनी ते पकडलं. मला टेबलाशी बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमच्या हातून हे होत नाही कधी. बरं नाही का?"

मी म्हटलं, "थोडं डोकं दुखतंय."

"डोळे दाखवा कुणाला तरी. रजा मी बघतो." आणि त्यांनी ते नाव आपल्या हाताने, सुईच्या टोकाने, मेणावर कोरून घातलं. त्या दिवशी त्या गावाला पाणी पोचलं ते त्यांच्यामुळे.

आबा

डॉक्टरकडे जायचं सोडून मी रविवारी कोल्हारला गेले. भीती वाटली की माणूस माहेरी पळतं, वय कितीही असो. प्रवरेच्या पात्रात त्या वर्षी नुसती वाळू होती. आबा अंबाडीचा दोर वळत बसले होते. डोळे गेल्यापासून त्यांनी ते काम धरलं होतं, आणि त्यांच्या दोराला सबंध गावात मागणी होती. धाकटा भाऊ दत्तू रानात गेला होता. भावजयीने चहा आणून दिला.

थोड्या वेळाने आबा म्हणाले, "डोकं दुखतंय व्हय गं?"

मी चपापले. "कशावरून?"

"च्याचा भुरका थांबला. बशीत कप ठेवल्याला आवाज न्हाई आला. गरम कप कपाळाला लावून बसलीस तू. तुझी आई आसंच करायची."

मग मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं: दिव्याचं कडं, मिसळणाऱ्या ओळी, चष्मा. आबांचे हात दोरावरच थांबले.

"माझं कसं झालं, ते मी कुनाला सांगितलं न्हाई आजवर," ते म्हणाले. "मला कडंकडंनी दिसंना झालं हुतं. जोडीतला एक बैल दिसायचा, दुसऱ्यासाठी मान वळवाया लागायची. लई महिने मला ठावं हुतं. पन बोललो न्हाई. वाटायचं, बोललो की खरं व्हईल."

"मग?"

"मग काय! न बोलताच खरं झालं." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तू बोललीस, लई बरं केलंस. आता डागदराफुडं बोल. उद्याच जा. परवा न्हाई, उद्या."

डॉक्टरबाई

नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. यांना मी रात्रीच सगळं सांगितलं होतं; दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. शेजारी एका म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, आणि त्याची सून त्याला केळं सोलून भरवत होती. मी तिकडे बघायचं टाळलं. यांनी खिशातून पेपर काढला, पण पान काही उलटलं नाही.

डॉक्टरबाईंनी घरात कुणाला डोळ्यांचा आजार आहे का, हे आधी विचारलं. मी आबांचं सांगितलं. इतके दिवस हे वाक्य मी गिळत होते, आणि तोंडातून बाहेर आल्यावर ते अगदी साधं निघालं. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, टेबलावर आडवं झोपवलं आणि डोळ्यातला दाब मोजायचं एक लहानसं यंत्र बुबुळावर टेकवलं. थेंबांनी डोळा बधिर झाल्यामुळे दुखलं काहीच नाही. पण ते टेकलेलं असताना मी श्वास घ्यायलाही विसरले होते. मग दुसरे थेंब, अर्धा तास डोळे मिटून बाहेर बसणं, परत आत, अंधारी खोली, आणि डोळ्यात सोडलेला बारीक उजेड.

दिवा लागला. त्या म्हणाल्या, "काचबिंदू नाही तुम्हाला."

हे माझ्याबरोबर आत आले होते. यांनीच विचारलं, "नक्की?"

"आज तरी नक्की. ते कडं दिसलं ते ताणलेल्या, कोरड्या डोळ्यांमुळे. दर वर्षी येऊन तपासायचं मात्र."

मला हुंदका फुटला. भीतीपोटी कधी रडले नव्हते, आणि नको तेव्हा असं झालं. डॉक्टरबाईंनी मला रडू दिलं. मग दोन दिवसांनी, बुबुळं पूर्ववत झाल्यावर, चष्म्याच्या नंबरासाठी बोलावलं.

दवाखान्यातून बाहेर पडलो तर थेंबांमुळे रस्ता नुसता पांढराफटक. मला पायरी दिसेना. यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझा हात धरला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण भर रस्त्यात हात धरण्याची आमच्याकडे रीत नव्हती. भिंगारहून येणारी सायकलवाल्यांची रांग गेली, टांगे गेले, ओळखीचं कुणी गेलं असेल तर मला दिसलं नाही. त्यांनी टांग्यात बसेपर्यंत हात सोडला नाही. घरी आल्यावर म्हणाले, "नोकरी सोड म्हटलं होतं, ते विसर."

यंत्राशिवाय टायपिंग

नंबर काढायच्या दिवशी मी काळा चष्मा पुढे ठेवला. डॉक्टरबाईंनी तो हातात घेतला. "हा पुस्तक वाचायला ठीक आहे. तुम्ही काम काय करता?"

"टायपिंग."

"करून दाखवा."

मी गोंधळले. "इथे यंत्र कुठे आहे?"

"आहे असं समजा. रोज बसता तसं बसा."

मग मी त्या स्टुलावर बसून हवेत टायपिंग केलं. डावीकडे मसुदा आहे असं समजून मान वळवली. हे दारात उभे राहून हसू दाबत होते. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी शिंप्याची टेप काढली आणि माझ्या डोळ्यापासून मी बघत होते त्या रिकाम्या जागेपर्यंत धरली. मग मसुद्याच्या जागी अक्षरांचा तक्ता उभा केला आणि भिंगं बदलायला सुरुवात केली. उभ्या-आडव्या-तिरक्या रेषा सारख्याच ठळक दिसतात का, हे बघायला आणखी एक भिंग फिरवलं. एका क्षणी तक्त्यावरची अक्षरं आपसूक पुढे आली. मी मान पुढे नेली नव्हती. अक्षरंच माझ्याकडे आली.

"पेपर छातीशी धरतात, रस्ता लांब असतो, आणि तुमचं काम दोन्हींच्या मध्ये आहे," त्या म्हणाल्या. "त्या मधल्या अंतराचा वेगळा चष्मा करा. हा लावून रस्त्याने चालू नका आणि पुस्तकही वाचू नका. कामावर ठेवा."

"वर-खाली दोन भिंगांचा एकच नाही का चालणार?" यांनी विचारलं.

"चालेल, पण दिवसभर हनुवटी वर करून बसावं लागेल. डोळे वाचतील आणि मान जाईल."

शिवाय त्यांनी सांगितलं की खिडकी समोर नको, बाजूला हवी. एक कागद झाला की मान वर करून लांब काहीतरी बघायचं. आणि पापणी मिटायला विसरायचं नाही. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं तर खरंच, स्टेन्सिल कापताना मी माशासारखी डोळे सताड उघडे ठेवून बसत होते. ज्यांना आज पडद्याकडे बघून बघून डोळे कोरडे पडतात, त्यांनी हे एवढं तरी करून बघावं. आणि चष्मा करायला जाल तेव्हा आपलं काम डोळ्यापासून किती लांब असतं ते मोजून न्या. मला ते कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

फ्रेम निवडायला सुलभा बरोबर आली. मी पुन्हा काळीच उचलली, तर म्हणाली, "आई, त्यात तू हेडमास्तरीण दिसतेस." तिने तपकिरी, कडांना जरा वर गेलेली फ्रेम माझ्या नाकावर ठेवली. "ही घे. आता कधी ओरडलीस तरी भीती नाही वाटणार."

ती गमतीत म्हणाली, पण मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलं, भर दुकानात.

पाठक भाऊसाहेबांनी शिपायाला हाताशी घेऊन माझं टेबल खिडकीकडून वळवून दिलं. नव्या चष्म्याने पहिला आठवडा जमीन थोडी हलल्यासारखी वाटली. मग एका दुपारी चहा आला तेव्हा लक्षात आलं की आज डोकं दुखलेलंच नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. चहा मात्र दोन वेळा घेतला.

दत्तू

हे इथे संपलं असतं, पण नंबर काढून निघताना डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट विचारली होती. "तुम्हाला भावंडं किती?"

"एक भाऊ. त्याला काही त्रास नाही."

"त्रास होतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याला घेऊन या."

दत्तूला घेऊन येणं सोपं नव्हतं. "अक्का, माझं डोळं ठनठनीत हायेत. लांबून येनाऱ्या यष्टीची पाटी वाचून दाखवू का?" आणि त्याने खरंच मनमाड रस्त्यावरून येणाऱ्या गाडीची पाटी वाचून दाखवली. मी हरले. तेव्हा भावजय चुलीपाशी बसूनच हळू म्हणाली, "पन वन्सं, यांना बाजूनं कोनी आलं की कळत न्हाई. परवा वासराला आडखळून पडले."

आबांचा दोर थांबला. "दत्तू," ते म्हणाले, "अक्कासंगं जा. न्हाई गेलास तर मी जेवनार न्हाई."

त्याच डॉक्टरबाई, तेच टेबल, तेच यंत्र. या वेळी दिवा लागल्यावर त्यांनी आधी स्टूल दत्तूच्या जवळ ओढलं. दत्तूच्या दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला होता. कडेची थोडी नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. "पण उरलेली पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "ती राखायची. रोज थेंब, न चुकता. बरं वाटतंय म्हणून सोडायचे नाहीत."

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता. राहुरी मागे पडल्यावर म्हणाला, "अक्का, तुझं डोकं दुखलं नसतं तर?"

मी म्हटलं, "दुखलं ना! मग झालं तर."

त्या डोकेदुखीबद्दल मी देवाचे आभार मानते, हे लोकांना विचित्र वाटतं. पण मी मानते.

थेंब डोळ्यांना झोंबायचे, घातल्यावर थोडा वेळ अंधुक दिसायचं, आणि रानातलं काम सोडून कोण येतंय घरी? पहिल्या महिन्यातच त्याने टाळायला सुरुवात केली असती. पण आबांनी ते काम स्वतःकडे घेतलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, वेळ झाली की ते बाहेर येऊन रानाकडे तोंड करून हाक मारत, "दत्तू, थेंब!" ती हाक पार विहिरीपर्यंत जायची. गावातली माणसं हसायची. दत्तू वैतागून यायचा, भावजय थेंब घालायची.

पुढच्या दिवाळीला मी माहेरी गेले होते. पाऊसपाणी झालं होतं, रानं हिरवी होती. मी लुगडं बदलून दारात आले तेव्हा दत्तू अंगणात आबांशेजारी डोळे मिटून बसला होता. त्या दोघांचा हा खेळ मला माहीत नव्हता. थोड्या वेळाने आबा म्हणाले, "उघड आता. सांग."

दत्तूने डोळे उघडले आणि सरळ समोर बघत सांगायला लागला. "समोर विहीर. तिच्याम्होरं ऊस. म्हस बांधल्याली. शेवग्यावर दोन कावळं."

"मान हलवू नगंस. आता कडंला सांग."

"कडंला..." तो थांबला. मी दाराशीच उभी होते, त्याच्या अगदी बाजूला, आणि मुद्दाम हलले नाही.

"कडंला अक्का उभी हाय," दत्तू म्हणाला.

आबांनी मान डोलावली. "कंच्या रंगाचं लुगडं?"

"हिरवं."

"व्हय का गं?" आबांनी माझ्या दिशेने विचारलं.

"हिरवंच आहे, आबा," मी म्हटलं.